सात नंबरचं तांबं

वीजघराच्या धडामकाकांनी नेहमीसारखं उलटं मोजलं, "तीन, दोन, एक" म्हणून खटका दाबला आणि पिंजऱ्यात वीज कोसळली. कानांत बोळे घातलेले असूनही आवाज छातीतून आरपार गेला. फरशीवरची धूळ उडाली, भिंतीवरची आग विझवायची नळकांडी एकमेकांवर आपटली आणि जळक्या रंगाचा वास दाराच्या फटीतून बाहेर आला. दोन लाख अँपिअर म्हणजे काय, हे कागदावर वाचून कळत नाही. ज्याच्या दातांच्या मुळांपर्यंत ते एकदा पोचलंय, त्यालाच कळतं.

मावशीच्या दातांपर्यंत ते वीस वर्षं पोचत होतं. पण आज तिचे दात नाही, डोळे हादरले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर वीज चमकली त्या क्षणी तिला उजेडाच्या कडेला हिरवं दिसलं. तांबं जळतं तेव्हा असं हिरवं दिसतं. आणि या टोपीत तांबं नाही, ही तर सगळ्या कारखान्याची गेल्या दोन वर्षांची फुशारकी होती.

पिंजऱ्यातला धूर ओढून घेतला. टोपी जागच्या जागी उभी होती. टोकाला बशीएवढा काळा डाग, बाकी साधा तडाही नाही. टाळ्या पडल्या. कोणीतरी डॉक्टरला कमरेत धरून उचललं. साहेबांनी तपासनीसाचा हात दोन्ही हातांत धरून असा हलवला, की तो उपटून खिशातच घालतात की काय असं वाटलं.

"काका, नंबर कुठला होता?" मावशीने विचारलं.

"सात," धडामकाका म्हणाले. "आपण तेरावी काढून ठेवली होती. पण हा तपासनीस नवा आहे. म्हणाला, तुम्ही देता ती नको, मी निवडतो. रांगेत हिंडला आणि सातवर बोट ठेवलं."

मावशीने खुर्ची ओढली आणि बसली.

टोपी म्हणजे काय, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. छोट्या विमानाच्या शेपटीवर जो उभा पंख असतो, त्याच्या माथ्यावर बसवायचं टोपण. आकाशात विमानाचं सगळ्यात उंच टोक तेच, त्यामुळे विजेचा डोळाही आधी त्याच्यावरच. हे टोपण कार्बनच्या कापडाचं करतात. कापडाचे थर साच्यात मांडायचे, वरून प्लास्टिकची पिशवी लावून हवा ओढून घ्यायची, एका टोकाने पातळ डिंकासारखं रेझिन आत सोडायचं, ते कापड भिजवत दुसऱ्या टोकापर्यंत जातं, मग भट्टीत घालून कडक करायचं. वजनाला हलकं, ताकदीला पोलादासारखं. पण विजेच्या बाबतीत हा माल कद्रू. कार्बनचा धागा विजेला थोडी वाट देतो, पण धाग्याधाग्यांच्या मध्ये रेझिन बसलेलं असतं आणि रेझिन विजेला दारातही उभं करत नाही. वाट मिळाली नाही की वीज आतल्या आत तापते, रेझिनची वाफ होते आणि ती वाफ थरांना आतून लाथ मारते.

मावशीने ती लाथ पाहिलेली होती. ती कामाला लागली त्याच वर्षी, नुसत्या कार्बनचा एक तुकडा हौस म्हणून विजेखाली धरला होता. तो फुटला आणि वीतभर लांबीची काडी दाराच्या फटीतून येऊन तिच्या कोपराखाली घुसली. अकरा टाके पडले. तेव्हापासून टोपीच्या वरच्या थराखाली तांब्याची बारीक जाळी घालायला लागले. वीज जाळीवरून पसरते, जाळी थोडी जळते, टोपी वाचते. जाळी मांडण्यात मावशीचा हात धरणारं कोणी नव्हतं. थर लावायच्या खोलीची ती प्रमुख झाली ती जाळीच्याच जोरावर.

मग डॉक्टर आला. औषधाचा नव्हे, संशोधनाचा. त्याने काजळीहून बारीक कार्बनची भुकटी आणली. ती रेझिनमध्ये घोटली, की रेझिनच विजेला वाट देतं, जाळी लागतच नाही, वजन कमी. हाताच्या पंजाएवढे सपाट तुकडे करून त्याने त्यांवर वीज मारून दाखवली होती. एकही फुटला नव्हता. मुलगा हुशार, बोलायला गोड, जेवताना ताटात काही न टाकणारा. मावशीची लेक याच कारखान्यात तयार विमानं उडवून बघायच्या कामावर होती. दोघांचं जमलं आणि वर्षभरात डॉक्टर मावशीचा जावई झाला. वरच्या मजल्यावर लेक-जावई, खाली मावशी. घरी तो तिला आई म्हणायचा, कारखान्यात मावशी. ती त्याला दोन्हीकडे डॉक्टरच म्हणायची. सगळं गोडीत चाललं होतं, फक्त भुकटीचं नाव निघालं नाही तोवर.

भुकटीत मावशीला काय खुपलं होतं? ती शिकलेली नव्हती, पण बघत होती. रेझिन साच्यात शिरताना शाईसारखं काळं असायचं. दुसऱ्या टोकाच्या पारदर्शक नळीतून जास्तीचं बाहेर यायचं, ते मात्र मधासारखं पिवळं. काळेपणा गेला कुठे? कापडाने गाळून घेतला, गाळणीने चहाची पूड धरावी तसा. म्हणजे भुकटी सुरुवातीलाच अडकून बसते आणि टोकाला पोचतं ते नुसतं रेझिन. पंजाएवढ्या तुकड्यात हे कळायचं नाही, वाटच तेवढीशी. टोपी हातभर लांब. आणि वीज मारणार टोकाला.

तिने डॉक्टरला पाच वेळा सांगितलं. तो पाचही वेळा हसला. नळीत येतं ते टाकाऊ असतं मावशी, मीटर बघा ना. वीज कितपत वाहते ते मोजणारं मीटर चांगलंच दाखवायचं. मीटरच्या सुया टेकवायला सपाट जागा लागते आणि टोपीत सपाट जागा एकच, बुडाची पट्टी, जिथून रेझिन शिरतं. तिथे काचकागदाने चकाकी घासायची, सुया टेकवायच्या, आकडा लिहायचा. वर्षानुवर्षांची रीत. जिथे मीटर बसतं तिथे मोजायचं आणि तोच आकडा सगळ्या टोपीचा म्हणून लिहायचा.

साहेबांना तर घाई इतकी, की पी हळद आणि हो गोरी. बारा विमानांची मागणी आली होती. बारा विमानांना बारा टोप्या आणि एक विजेखाली घालायला, अशा तेरा केल्या. शेवटची केलेली टोपी विजेची, हाही कारखान्याचा जुना शिरस्ता. सात नंबरचं विमान मावशीची लेक उडवणार होती, हे फळ्यावर लिहिलेलं होतं.

मावशीने हिशोब केला. तेरावी फुटली तर भुकटीच बाद, प्रश्न मिटला. आणि नशिबाने नाहीच फुटली, तर निदान लेकीच्या डोक्यावर तांबं असावं. जेवणाच्या सुट्टीत खोलीत कोणी नसताना तिने टेबलाखालचा जुना जाळीचा रोल काढला, सातव्या टोपीच्या वरच्या थराखाली जाळी मांडली आणि वजन जमवायला मधल्या काचतंतूंच्या कापडाचा एक थर काढून टाकला. वजनकाट्यानेही चुगली केली नाही.

आणि आता त्या तांब्याच्या जोरावर बाकीच्या बारा टोप्यांना शिक्का मिळाला होता. सातची जागा तेराव्या टोपीने भरायची, असं साहेब मोठ्याने सांगत होते. म्हणजे जी फुटायला हवी होती तीच लेकीच्या विमानावर चढणार. सकाळीच लेक चहा पिता पिता म्हणाली होती, "उद्या डोंगरापलीकडे ढग आहेत आई, पण बघू, वळसा घालून जाईन." मावशीला आत्ता तो वळसा आठवला आणि ती खुर्चीवरून उठली.

कापडाचे रोल ठेवायच्या थंड खोलीत तिने डॉक्टरला गाठलं. त्याचा सुरक्षा चष्मा कपाळावर सरकवलेला होता आणि तो एकटाच हसत होता.

"डॉक्टर, सातमध्ये जाळी आहे."

"कसली जाळी?"

"तांब्याची. मी घातली. हिरवं नाही दिसलं तुम्हाला?"

"ती ठिणगी पेटवायची बारीक तार जळते मावशी, दर वेळी." तो अजून हसतच होता. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याचं हसू उतरलं. "काय म्हणालात?"

तिने सगळं सांगितलं. सुट्टी, रोल, काढलेला थर. तो ऐकत गेला आणि कानांपासून लाल होत गेला.

"आई," तो म्हणाला. कारखान्यात तो तिला कधी आई म्हणाला नव्हता. "माझं काम तुमच्या डोळ्यांत सलतं हे मला ठाऊक होतं. पण इतकं? आज, या दिवशी?"

"सलण्याचा प्रश्न नाही हो. टोकाला भुकटी पोचत नाही. मी पाच वेळा सांगितलं."

"आणि मी पाच वेळा समजावलं!"

"मग लावा टोकाला मीटर."

"टोकाला मीटर बसत नाही!"

"जिथे बसत नाही तिथलं तुम्हाला कळलं कसं?"

त्याने तिचे दोन्ही खांदे धरले आणि तिला मागच्या मांडणीवर आदळलं. एवढा शांत माणूस, मुंगी दिसली तर पाय उचलून टाकणारा. मांडणीवरून कापडाचा जड रोल सुटला, तिच्या खांद्यावर पडला आणि फरशीवर धप्पकन आपटला. त्याने तिच्या कामाच्या अंगरख्याची कॉलर मुठीत धरली.

"उद्या माझी बायको त्या विमानात बसणार आहे. माझी बायको! मी तिला मरायला पाठवतोय असं म्हणायचंय तुम्हाला? बोला ना!"

तो खोटं बोलत नव्हता. त्याचा आपल्या भुकटीवर विश्वास होता आणि तो विश्वास घेऊन तो स्वतःही त्या विमानात बसला असता. लबाड माणसाशी भांडता येतं, प्रामाणिकपणे चुकलेल्याशी कसं भांडायचं? मावशीने त्याची बोटं एकेक करून कॉलरवरून सोडवली आणि साहेबांच्या खोलीकडे चालायला लागली. तो मागे धावत आला.

साहेबांच्या टेबलावर सात नंबरची टोपी ठेवलेली होती, तिच्याभोवती तपासनीसाची लाल पट्टी आणि तिच्यावर सील. तपासनीस निघून गेला होता. साहेबांनी मावशीचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे तुम्ही लबाडी केलीत."

"हो."

"मग लबाड बाईच्या शब्दावर मी विश्वास का ठेवू?"

"ठेवू नका. टोपी फोडा. आत तांबं दिसेल."

"सील तोडलं तर तपासणी रद्द. सहा महिने जातील." साहेब उभे राहिले. "मावशी, वीस वर्षं झाली तुम्हाला. घरी जा, झोपा. मी हे ऐकलंच नाही असं समजतो."

"उद्या माझी पोर वर जाणार आहे साहेब!"

"मग पोरीच्या नवऱ्याला विचारा. तो उभाय ना दारात."

मावशीने टोपीवर झडप घातली. लाल पट्टीत तिची नखं गेली तशी साहेबांनी तिच्या मनगटावर हातातली जाड फाइल हाणली आणि रखवालदाराला हाक मारली. रखवालदार धिप्पाड गडी. त्याने तिचा हात पाठीमागे नेऊन असा पिरगाळला, की खांद्यात कट्ट वाजलं. मावशीच्या अंगरख्याच्या खिशात थर दाबायचा ॲल्युमिनियमचा रूळ असायचा. मोकळ्या हाताने तिने तो काढला आणि मागे न बघता फिरवला. रखवालदाराचा ओठ फाटला, समोरचा दात हलला, रक्त हनुवटीवरून साहेबांच्या गालिच्यावर सांडलं. त्याने शिवी हासडली आणि तिला भिंतीवर फेकलं. भिंतीवरची विमानाची तसबीर खाली आली, काच फुटली, मावशी त्याच काचेवर बसली.

"थांबा!" डॉक्टर ओरडला. त्याचा आवाज फाटला होता. "तेरावी काढतो मी. आत्ता मारू तिच्यावर वीज. हिच्या डोळ्यांसमोर."

"डॉक्टर, डोकं ठिकाणावर आहे का?" साहेब म्हणाले. "तपासणी झाली. संपलं."

"तुमची झाली. माझी नाही. रोज सकाळी चहाच्या कपाबरोबर मला ही नजर नकोय." तो निघून गेला.

सातव्या विमानाच्या शेपटीवर तेरावी टोपी सहा स्क्रूंनी नुकतीच बसवली होती. लेक तेव्हा हवामानाची माहिती घ्यायला दुसऱ्या इमारतीत गेलेली. डॉक्टर शिडीवर चढला आणि त्याने स्वतःच्या हाताने सहा स्क्रू काढले. एकाची खाच गेली, तो त्याने पकडीने उपटला. टोपी काखेत मारून तो वीजघराकडे चालला. मागे मावशी लंगडत, तिच्या मागे साहेब फोनवर ओरडत.

"मला लेखी द्या," धडामकाका म्हणाले. "तपासनीस नसताना मी खटका दाबत नाही."

"काका, मी सांगतोय ना." डॉक्टरने काकांच्या वहीत सही ठोकली.

"तुम्ही सांगताय ते ठीक आहे. पण कॅमेरा काढून पेटीत घातलाय. कॅमेऱ्याची खाच उघडी आहे, आधी झाकण लावतो."

कॅमेऱ्याची खाच म्हणजे पिंजऱ्याच्या भिंतीतलं वहीएवढं भोक. कॅमेरा असला की त्याच्या पुढे जाड काच असते. कॅमेरा गेला की काचही जाते आणि भोकावर लोखंडी झाकण बसतं. पिंजऱ्याचं दार उघडं असेल तर खटका दबतच नाही, पण खाचेला असली अक्कल कोणी दिलेली नव्हती.

"झाकण नको," डॉक्टर म्हणाला. "कॅमेरा नाही, तर डोळ्यांनी बघतो."

"अहो, वेड लागलंय का?"

"फुटणारच नाही, तर कशाला घाबरू?" आणि तो खाचेसमोर उभा राहिला. चष्मा अजून कपाळावरच.

मावशी त्याच्यापासून चार पावलांवर होती. हात लांब केला असता तर त्याची बाही तिच्या हातात आली असती. ती बोलायला तोंड उघडून होती. आणि त्याच क्षणी तिच्या मनात आलं, बघू दे याला. बघू दे स्वतःच्या डोळ्यांनी, एकदाचं. खांद्यावर पडलेला रोल, पिरगाळलेला हात, पाच वेळा ऐकलेलं हसू, सगळं त्या एका वाक्यात होतं. तिने तोंड मिटलं. हे पाप तिने केलं आणि ते केलं हे तिला करतानाच कळत होतं.

धडामकाकांनी एकदा डॉक्टरच्या सहीकडे आणि मग भिंतीवरच्या काट्याकडे बघितलं. वीज साठवायची कपाटं भरत होती, बारीक गुणगुण वाढत होती. काका कधी नव्हे ते हळू मोजत होते. दहा. नऊ. आठ. साहेब खोलीच्या दारात उभे राहून "बंद करा" म्हणत होते. पाच. चार. तीन. दोन. एक.

"डॉक्टर, बाजूला व्हा!" मावशी ओरडली. उशिरा ओरडली. त्याने ऐकलं नाही, किंवा ऐकलं आणि हलला नाही. खटका आधीच दबला होता.

या वेळी हिरवं दिसलं नाही. नुसतं पांढरं. तेरावी टोपी फुटली. टोकापासून फाटत खाली आली, थर एकमेकांपासून उचकटले, केरसुणीसारखे पिंजारले, तिची धारदार छकलं पिंजऱ्याच्या भिंतींवर खिळे मारावेत तशी आदळली. आणि एक काडी, पेन्सिलीएवढी, खाचेतून बाहेर आली.

डॉक्टर मागे कोसळला. डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं. डावा हात डोळ्यावर आणि बोटांच्या फटींतून रक्त, मनगटावरून कोपरापर्यंत. काडी बोटांमधून बाहेर आलेली दिसत होती. तो किंचाळत नव्हता. तो एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होता, "टोकाला, टोकाला, टोकाला." धडामकाकांनी स्वतःचा सदरा फाडला. मावशी गुडघ्यांवर बसून त्याचं डोकं मांडीवर घेत होती आणि काडीला कोणी हात लावू नका म्हणून ओरडत होती, कारण कार्बनची काडी ओढली की आत कुसळं राहतात हे तिला माहीत होतं. तिच्या अंगरख्यावर त्याचं रक्त पसरत गेलं. साहेब खाली वाकून टोपीचे तुकडे गोळा करत होते.

इस्पितळात सर्जनने तीन तास लावले. डावा डोळा काढावा लागला. उजवा वाचला.

लेक धावत आली ती उडायच्या निळ्या पोशाखातच. आधी काचेतून नवऱ्याला बघून आली. डोक्याभोवती पट्ट्या, औषधाच्या गुंगीत. मग बाकावर मावशीसमोर उभी राहिली. मावशीच्या ओच्यावर रक्त वाळून कडक झालं होतं.

"साहेबांचा फोन होता," लेक म्हणाली. "म्हणतात, तेरावी टोपी वाईट निघाली, एखादी निघते. बाकीच्या अकरांना शिक्का आहे, त्या उद्या जातील. तू डोक्यावर परिणाम झाल्यासारखं वागलीस, असंही म्हणाले. काय झालं?"

मावशीने सांगितलं. काही लपवलं नाही. नळीतला मध, सुट्टीतली जाळी, नव्या तपासनीसाचं बोट, आणि खाचेसमोर आपण तोंड मिटलं तेसुद्धा. रडत रडत मावशीने शेवट केला, "तुझ्यासाठी केलं गं सगळं. तू वाचलीस, मला बाकी काही नको."

"जाळी किती टोप्यांत घातलीस?"

"एकीत. तुझ्या."

"रोल किती होता?"

मावशीने ओच्यावरचं वाळलेलं रक्त नखाने खरवडलं.

"आई, रोल किती होता?"

"असेल पंधरा-वीस टोप्यांना पुरेल एवढा."

"मग?"

"सगळ्यांत घालत बसले असते तर पकडली गेले असते. एक लपते. आणि वाटलं, तेरावी फुटेलच, मग कशाला..."

"आणि नसती फुटली तर?"

आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण मावशीने आयुष्यात शंभर वेळा दुसऱ्यांना ऐकवली असेल. आत्ता ती कोणी तोंडाने म्हटली नाही, पण मावशीला खाली बघावं लागलं.

"बाकी अकरा जण माझ्याबरोबर उडतात," लेक म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "सगळ्यांना तू ओळखतेस. त्यांच्यातल्या दोघांना तू माझ्या लग्नात वाढलंयस. त्यांच्या आया इथे कामाला नव्हत्या, म्हणून?"

मावशीने तिचा हात धरायला हात पुढे केला. लेकीने तो झटकला आणि आईच्या तोंडात मारली. पूर्ण हाताने, मागे न घेता. मावशीचं डोकं भिंतीला लागलं, ओठ दाताखाली येऊन फुटला. औषधांची गाडी ढकलणारी परिचारिका जागच्या जागी थांबली.

लेक आपल्या हाताकडे बघत राहिली. मग तिने तो पोशाखाला पुसला आणि फोन काढला.

"मी बोलतेय," ती पहिल्याला म्हणाली. "उद्या उडू नकोस. शेपटीची टोपी काढून घे, साहेबांचा शिक्का असला तरी. वीज लागली तर ती फुटते. हो, खात्रीने. मला कसं कळलं?" तिने बाकाकडे बघितलं. "माझ्या आईला आधीपासून माहीत होतं."

तिने दुसरा नंबर लावला. परत तेच बोलली. मग तिसरा. एकजण पलीकडून ओरडला असावा, कारण तिने फोन कानापासून लांब धरला आणि ओरडणं संपेपर्यंत ऐकून घेतलं. मग पुढचा नंबर लावला. प्रत्येकजण तेच विचारत होता आणि प्रत्येकाला ती तेच उत्तर देत होती. मावशीने फुटलेल्या ओठाला पदर लावला होता. अकराव्यांदा ते वाक्य ऐकून होईपर्यंत ती बाकावरून उठली नाही.